नाताळच्या चित्रपटातले गेलेले माणूस

नाताळच्या अमेरिकी चित्रपटात बहुधा कोणीतरी आधीच वारलेले असते. कथा सुरू होते तेव्हा अंत्यविधी उरकलेला असतो, मुले शाळेत जाऊ लागलेली असतात, घर कसेबसे चालू असते. फक्त डिसेंबर आला की शोभेच्या वस्तूंची पेटी माळ्यावरून खाली काढायचे कोणाच्या मनात येत नाही. मग त्या घरात एक परके माणूस येते. बर्फ पडतो, गैरसमज होतो, एखादे मूल मधे पडते आणि नाताळच्या आदल्या रात्री घरात पुन्हा दिवे लागतात. शोक, कुटुंब आणि नवे प्रेम यांची ही गुंफण इतकी ठरून गेली आहे की तिला गोडगोड म्हणून हसणे सोपे जाते. पण ती कुठून आली आणि कशामुळे टिकली हे पाहू लागले की गोडवा वरून पेरलेला दिसतो, आतले द्रव्य शोकाचेच आहे. या चित्रपटांतला खरा कळीचा प्रसंगही शेवटच्या चुंबनाचा नसतो. गेलेल्या माणसाचे जवळचे कोणीतरी, आई, सासू किंवा लेकरू, नव्या माणसासाठी जागा करून देते, तो प्रसंग कळीचा.

या परंपरेचे मूळ एका पुस्तकात आहे. चार्ल्स डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये निघाले. किंमत पाच शिलिंग, प्रती सहा हजार. नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत ती आवृत्ती संपली. आनंदाच्या सणाचे हे पुस्तक सुरू होते ते मृत्यूच्या वार्तेने. कंजूष स्क्रूजचा भागीदार मार्ली सात वर्षांपूर्वी, नेमका नाताळच्या आदल्या दिवशी वारला आहे. पुढे भुते स्क्रूजला त्याचा भूतकाळ दाखवतात. त्यात लहानपणी जीव लावणारी, पुढे अकाली गेलेली बहीण फॅन आहे आणि पैशापायी हातची गेलेली वाग्दत्त वधू आहे. भविष्यकाळात गरीब कारकून क्रॅचिटच्या घरी धाकटा आजारी मुलगा टिम दिसत नाही. स्क्रूज सुधारतो म्हणजे काय करतो, तर ज्या बहिणीला तो विसरू पाहत होता तिच्याच मुलाच्या घरी जेवायला जातो. मेलेल्या बहिणीशी तुटलेला धागा भाच्याच्या पंगतीत जुळतो. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत निघालेल्या अशा कथांचा सांगाडा इथे जवळजवळ तयार आहे. नवे प्रेम तेवढे नंतर आले.

सणाच्या रात्री भुतांच्या गोष्टी सांगणे हा इंग्लंडमधला जुना प्रघात होता. डिसेंबरअखेर तिकडे दुपारी चारच्या सुमारासच अंधारते आणि घरातली सगळी माणसे शेकोटीभोवती एकत्र असतात. डिकन्सने पुढे आपल्या साप्ताहिकांच्या नाताळ अंकांत अशा गोष्टी दरवर्षी छापल्या. राजघराण्यालाही या सणाची दुसरी बाजू चुकली नाही. राणी व्हिक्टोरिया, तिचा पती अल्बर्ट आणि मुले सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने छापले आणि घरोघर झाड सजवण्याची चाल पसरायला त्याने हातभार लावला. तेरा वर्षांनी, १४ डिसेंबर १८६१ रोजी, अल्बर्ट विंडसरच्या राजवाड्यात वारला. नाताळ अकरा दिवसांवर होता. राणीने उरलेले आयुष्य काळ्या वस्त्रांत काढले आणि नाताळसाठी ती विंडसर सोडून ऑस्बोर्नला जाऊ लागली.

सणच शोकाला वर का काढतो, याचे कारण त्याच्या पुनरावृत्तीत आहे. एरवीचे दिवस एकमेकांसारखे नसतात, त्यामुळे कोणाची उणीव नेमकी कुठे आहे हे लपून जाते. सणाला मात्र तेच पदार्थ, तीच गाणी, तीच माणसे आणि प्रत्येकाचे ठरलेले काम असते. टर्की कापणारा हात यंदा नसला की ते सगळ्यांना एकदम कळते. ठरावीक तारखांना दुःख नव्याने उफाळून येते, या अनुभवाची शोकाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ स्वतंत्र दखल घेतात. आपल्याकडे मृत्यू झालेल्या घरात पहिल्या वर्षी दिवाळी करत नाहीत, शेजारीपाजारी आणि आप्त फराळ आणून देतात. शोकाला रीतीनेच मोकळीक मिळते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतही विधवेने काळे कपडे किती महिने घालायचे याचे कडक नियम होते. पहिल्या महायुद्धानंतर ते विरत गेले. नियम गेले, नाताळ मात्र राहिला, आणि ज्याचे माणूस गेले आहे त्यालाही त्या दिवशी हसतमुखाने टेबलाशी बसण्याची वेळ आली. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील अनेक चर्च आता वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या आसपास, म्हणजे २१ डिसेंबरला, शोकग्रस्तांसाठी वेगळी शांत प्रार्थना ठेवतात. नाताळात आत्महत्या वाढतात हा समज मात्र चुकीचा आहे. अमेरिकेतल्या नोंदींत डिसेंबर हा आत्महत्यांचे प्रमाण सर्वांत कमी असणाऱ्या महिन्यांपैकी आहे. तरी वर्तमानपत्रे तो समज दरवर्षी पुन्हा छापतात.

चित्रपटाने नाताळ फार लवकर हाती घेतला. डिकन्सच्या कथेवरचा पहिला ज्ञात मूकपट १९०१ मध्ये ब्रिटनमध्ये निघाला. त्याचा आज काही मिनिटांचाच भाग उरला आहे. पण आज ज्याला नाताळचा चित्रपट म्हणतात तो घडला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. अर्व्हिंग बर्लिनचे ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गाणे बिंग क्रॉस्बीने २५ डिसेंबर १९४१ रोजी रेडिओवर प्रथम गायले. पर्ल हार्बरवरचा हल्ला होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. पुढच्या वर्षी ते ‘हॉलिडे इन’ या चित्रपटात आले, त्याला ऑस्कर मिळाले, आणि दूरदेशी लढणाऱ्या सैनिकांनी ते इतके मागून ऐकले की गिनेसच्या नोंदीत आज ते सर्वाधिक खपलेले गाणे आहे. गाणे लिहिणारा बर्लिन हा रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. त्याचा तान्हा मुलगा १९२८ च्या नाताळात गेला होता. गाण्यात मृत्यूचा उल्लेखसुद्धा नाही. आता हाती नसलेल्या नाताळची ओढ तेवढी आहे.

‘मीट मी इन सेंट लुईस’ (१९४४) मध्ये तर घरात कोणी मरतही नाही. वडिलांच्या नोकरीसाठी घर सोडून न्यूयॉर्कला जायचे आहे, एवढेच. तरी ज्यूडी गार्लंड धाकट्या बहिणीची समजूत घालायला जे गाणे गाते ते ऐकून ती लहानगी रात्री अंगणात धावत जाते आणि बर्फाची माणसे काठीने फोडून टाकते. ह्यू मार्टिनने लिहिलेले या गाण्याचे पहिले शब्द इतके निराशेचे होते की गार्लंडनेच ते बदलायला लावले. १९५७ मध्ये फ्रँक सिनात्राने त्यातली आणखी एक उदास ओळ उजळ करून घेतली. दुःख आधी लिहायचे आणि मग बाजारासाठी एकेक पायरीने गोड करायचे, ही या प्रकाराची रीत त्या एका गाण्यात स्पष्ट दिसते.

फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ २० डिसेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. त्याचे कथाबीज फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न याच्या गोष्टीत होते. प्रकाशक मिळेना म्हणून त्याने ती १९४३ मध्ये स्वखर्चाने छापून दोनशे जणांना नाताळच्या शुभेच्छापत्रासारखी पाठवली होती. चित्रपटातला जॉर्ज बेली लहान गावात कर्जसंस्था चालवतो. मुलगा साथीत गेल्याची तार हाती पडल्यावर बधिर झालेला औषधविक्रेता औषधाच्या कॅप्सूलमध्ये विष भरतो आणि छोटा जॉर्ज ते थांबवतो. वडिलांच्या मृत्यूमुळे जॉर्जचा जग पाहण्याचा बेत मोडतो. शेवटी नाताळच्या आदल्या रात्री तो जीव द्यायला पुलावर जातो. भूमिका करणारा जेम्स स्ट्युअर्ट युरोपवर बॉम्बफेकी विमाने उडवून नुकताच परतला होता. पाच ऑस्कर नामांकने मिळूनही यातले एकही हाती आले नाही आणि चित्रपट तोट्यात गेला.

त्यातला बर्फ मात्र वेगळा सन्मान मिळवून गेला. चित्रण झाले कॅलिफोर्नियात, उन्हाळ्यात. तोवर पडद्यावर बर्फ म्हणून रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरत. पावलांखाली ते इतके कुरकुरत की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. रसेल शिअरमन या तंत्रज्ञाने आग विझवण्याचा फेस, साबण, साखर आणि पाणी यांचे मिश्रण वाऱ्याच्या यंत्राने उडवण्याची युक्ती काढली. हा बर्फ आवाज न करता पडे, त्यामुळे संवाद जागच्या जागी टिपता आले. अकादमीने या पद्धतीला तांत्रिक पुरस्कार दिला.

याच सुमारास विधवा आणि विधुर या प्रकारात ठाण मांडून बसले. त्याला भावनेइतकेच सेन्सॉरही कारण होते. हॉलिवूडची आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे लागू होती आणि कॅथलिकांची ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ ही संस्था चित्रपटांना नैतिक श्रेणी देई. ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’ (१९४७) हा सांता क्लॉजवर विश्वास ठेवायला शिकवणारा निरुपद्रवी चित्रपट. त्यातली आई घटस्फोटित आहे म्हणून या संस्थेने त्याला काही अंशी आक्षेपार्ह ठरवले. (तो प्रदर्शित झाला भर उन्हाळ्यात, कारण स्टुडिओप्रमुख डॅरिल झॅनक याच्या मते लोक उन्हाळ्यात जास्त चित्रपट पाहत, जाहिरातींत नाताळ दडवलाच होता.) एकट्या आईला किंवा बापाला पुन्हा प्रेमात पाडायचे तर घटस्फोटात दोष कोणाचा तरी निघतो. मृत्यूत कोणाचाच निघत नाही. मूल आहे, घर आहे, मन मोकळे आहे आणि चारित्र्यावर डाग नाही: पटकथाकाराची सगळी सोय एका मृत्यूने होते. शिवाय १९४५ नंतरच्या अमेरिकेत अशा तरुण विधवा खरोखरच होत्या. त्या देशाचे चार लाखांहून अधिक सैनिक युद्धात मेले होते.

या साऱ्याचे स्वच्छ उदाहरण म्हणजे डॉन हार्टमनचा ‘हॉलिडे अफेअर’ (१९४९). जॅनेट ली हिने केलेली कॉनी युद्धात पती गमावलेली आहे आणि लहानग्या टिमीला एकटीने वाढवते आहे. तिची नोकरी गमतीची आहे: गिऱ्हाईक बनून दुसऱ्या दुकानांत जायचे, वस्तू विकत घ्यायच्या आणि त्यांचे भाव व दर्जा आपल्या मालकांना कळवायचा. खेळण्यांच्या विभागात ती एक महागडी आगगाडी घेते. विक्रेता स्टीव्ह (रॉबर्ट मिचम) तिला ओळखतो. तिची तक्रार करणे त्याचे काम; पण परिस्थिती कळल्यावर तो तिला पैसे परत देतो आणि स्वतःची नोकरी घालवतो. घरी टिमीने पुडक्यात डोकावून गाडी पाहिलेली असते आणि ती आपल्यासाठीच आहे असे धरलेले असते. गाडी परत जाते, पोर हिरमुसते. नाताळच्या सकाळी स्टीव्हने पाठवलेली तीच गाडी दारात येते.

कॉनीला मागणी घालणारा दुसरा पुरुष आधीपासून आहे. कार्ल (वेंडेल कोरी) हा वकील स्थिर, सुसंस्कृत आणि टिमीशी प्रेमाने वागू पाहणारा आहे. या चित्रपटाची प्रामाणिक बाजू अशी की त्याने कार्लला खलनायक केले नाही. कॉनीला तो बरा वाटतो, कारण त्याच्याशी लग्न केले तर मृत पती मनात होता तिथेच राहू शकतो. स्टीव्हची भीती वाटते, कारण तिथे पुन्हा सर्वस्व पणाला लावावे लागेल आणि पुन्हा गमवावे लागू शकेल. स्टीव्ह तिला तोंडावर सांगतो की ती टिमीला त्याच्या बापाची प्रतिकृती बनवू पाहते आहे. ते खरेही आहे: मुलाला ती घरातल्या कर्त्या पुरुषासारखे वागवते. नाताळच्या जेवणाला मृत पतीचे आईवडीलच पाहुणे असतात. नवे लग्न, जुने सासूसासरे आणि दोन उमेदवार एकाच टेबलाभोवती बसवून लेखिका इसोबेल लेनर्टने सगळा प्रश्न एका पंगतीत मांडला आहे. स्टीव्ह त्या टेबलावर सर्वांसमक्ष कॉनीला मागणी घालतो आणि त्याला घरातून जावे लागते.

पुढची हालचाल मुलाची. स्टीव्हकडे पैसे उरलेले नाहीत हे कळल्यावर टिमी एकटाच दुकानात जातो, थेट मालकापर्यंत पोचतो आणि गाडी परत करून तिचे पैसे मिळवतो. ज्याला सांभाळायचे म्हणून आई आयुष्य थांबवून बसली आहे तो स्वतः निर्णय घेऊ शकतो, हे तिला त्यातून दिसते. कार्ल समजूतदारपणे बाजूला होतो आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री कॉनी मुलाला घेऊन स्टीव्ह निघाला आहे त्या कॅलिफोर्नियाच्या गाडीत बसते. मिचमला गांजाच्या प्रकरणात १९४९ च्या सुरुवातीलाच तुरुंगवास झाला होता; त्याची प्रतिमा निवळावी म्हणून स्टुडिओने त्याला ही सौम्य भूमिका दिली असे सांगतात. तिकीटबारीवर चित्रपट पडला. दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे दाखवला गेल्यावर त्याला प्रेक्षक मिळाले.

दूरचित्रवाणीने काप्राच्या चित्रपटाचे नशीब तर एका कारकुनी चुकीतून पालटले. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात स्वामित्व हक्क अठ्ठावीस वर्षांनी नव्याने नोंदवावा लागे. १९७४ मध्ये ती नोंद राहून गेली. चित्रपट फुकट झाला म्हणताच गावोगावच्या वाहिन्या डिसेंबरात तो रात्रंदिवस दाखवू लागल्या आणि जवळजवळ विसरलेला एक पडेल चित्रपट दोन दशकांत राष्ट्रीय रिवाज बनला. मूळ गोष्टीवरचे आणि संगीतावरचे हक्क शिल्लक होते. त्यांच्या आधारे रिपब्लिक पिक्चर्सने १९९३ मध्ये मालकी पुन्हा प्रस्थापित केली. त्याला बळ मिळाले ते ‘रिअर विंडो’ या स्ट्युअर्टच्याच दुसऱ्या चित्रपटावरून झालेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० मधील निकालातून.

त्याच १९९३ मध्ये नोरा एफ्रनचा ‘स्लीपलेस इन सिअ‍ॅटल’ आला आणि या प्रकाराला आजचे वळण लागले. कथा शिकागोतल्या दफनविधीने सुरू होते. पत्नी कर्करोगाने गेल्यावर वास्तुविशारद सॅम (टॉम हँक्स) मुलाला घेऊन सिअ‍ॅटलला येतो. नाताळच्या आदल्या रात्री आठ वर्षांचा जोना रेडिओवरच्या सल्लागार बाईंना फोन लावतो आणि बाबांना बायको हवी म्हणून सांगतो. सॅम नाइलाजाने फोन घेतो आणि बायकोबद्दल बोलत राहतो. देशाच्या दुसऱ्या टोकाला गाडी चालवणारी अ‍ॅनी (मेग रायन) ते ऐकून रडते. तिचे लग्न ठरलेले आहे, तेही एका भल्या माणसाशी. १९४९ चा कार्ल इथे स्त्रीच्या बाजूने पुन्हा भेटतो. ती प्रेमात पडते ती सॅमच्या शोकाच्या. पहिल्या बायकोवर इतके प्रेम करू शकणारा माणूस दुसरीवरही करील, हे चित्रपटाचे तर्कशास्त्र. नायक-नायिका समोरासमोर येतात ती जवळजवळ शेवटाला, व्हॅलेंटाइन दिवशी, एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावर.

युद्धानंतरची विधवा मागे पडून विधुर पुढे आला तो इथून. रिचर्ड कर्टिसच्या ‘लव्ह अ‍ॅक्चुअली’त (२००३) डॅनियल (लियम नीसन) पत्नी जोआनाला निरोप देतो तेव्हा नाताळ काही आठवड्यांवर आहे. सावत्र मुलगा सॅम दार लावून बसलेला, आणि त्याच्या दुःखाचे कारण विचारले तर तो म्हणतो की आपण प्रेमात पडलो आहोत. त्या मुलीचेही नाव जोआना आहे. शोकाविषयी बोलता येत नाही म्हणून बापलेक ढोल वाजवण्याविषयी आणि विमानतळावर वेळेत पोचण्याविषयी बोलतात. चित्रपटातला हा भाग सर्वांत कमी अश्रू काढून सर्वांत जास्त सांगतो. नॅन्सी मायर्सच्या ‘द हॉलिडे’त (२००६) लॉस एंजेलिसहून आलेल्या अमांडाला (कॅमेरॉन डियाझ) ग्रॅहम (ज्यूड लॉ) हा बायकांच्या मागे फिरणारा वाटतो. त्याच्या दारात उभे राहिल्यावर दोन लहान मुली समोर येतात. तो विधुर आहे आणि आजवर ओठ मिटून का होता ते तेव्हा कळते. लिंडसे लोहान नायिका असलेल्या ‘फॉलिंग फॉर ख्रिसमस’मध्ये (२०२२) विधुर नायक, त्याची मुलगी आणि मृत पत्नीची आई तिघे मिळून डोंगरातली खानावळवजा लॉज चालवतात. सासूच नव्या मुलीला घरात सामावून घेते.

विधुराला मिळणारी ही पसंती निरागस म्हणता येणार नाही. प्रत्यक्षातही विधुर विधवांपेक्षा जास्त प्रमाणात आणि लवकर पुनर्विवाह करतात. पण पडद्यावर शोक हे पुरुषाचे प्रमाणपत्र होते: तो निष्ठावान आहे, केस विंचरून मुलींना शाळेत पाठवू शकतो आणि त्याच्या एकटेपणाला तो स्वतः जबाबदार नाही. गेलेली पत्नी मात्र निर्दोष छायाचित्र होऊन भिंतीवर राहते. ती कधी चिडकी होती, तिचे-त्याचे पटत नव्हते, तिच्या जाण्याने त्याला थोडे सुटल्यासारखेही वाटले असेल, असे या चित्रपटांत जवळजवळ कधी निघत नाही.

आता या कथा कारखान्यात तयार होतात. जॉइस हॉल याने १९१० मध्ये कॅन्सस सिटीत चित्रपत्रे विकून सुरू केलेल्या धंद्यातून हॉलमार्क ही शुभेच्छापत्रांची कंपनी उभी राहिली. नाताळची पत्रे आणि सांत्वनाची पत्रे एकाच दुकानात विकणाऱ्या कंपनीला शोक आणि सण यांची जवळीक नव्याने शिकावी लागली नसेल. तिने दूरचित्रवाणीवर पहिला मोठा कार्यक्रम दिला तोही २४ डिसेंबर १९५१ रोजी, नाताळविषयक संगीतिकेचा. तिच्या वाहिनीने २००९ पासून डिसेंबरभर, आणि मग ऑक्टोबरपासूनच, नाताळपटांची मालिका चालवली. अलीकडे वर्षाला तीस-चाळीस नवे चित्रपट निघतात. चित्रण साधारण तीन आठवड्यांत उरकते, बहुतेक वेळा कॅनडात, कारण तिथे करसवलती आहेत आणि छोटी गावे अमेरिकेतल्यासारखी दिसतात. बर्फ कागदाचा, फेसाचा किंवा चुरलेल्या बर्फाचा. जुलैच्या उन्हात नटनट्या लोकरी कोट घालून उभ्या असतात. जाहिराती धरून दोन तासांच्या जागेत चित्रपट सुमारे पंच्याऐंशी मिनिटांचा बसवायचा, प्रत्येक जाहिरातीआधी एखादी गाठ घालायची आणि पहिले चुंबन शेवटापर्यंत लांबवायचे. मृत आईची पाककृती, वडिलांची बंद पडू पाहणारी बेकरी, गेलेल्या पत्नीच्या हातची शोभेची वस्तू: शोक इथे हाताळता येईल अशा वस्तूंत घातलेला असतो, कारण पंच्याऐंशी मिनिटांत तो शब्दांत मावत नाही.

गंमत अशी की नेमक्या या वस्तूंच्या बाबतीत चित्रपट लोकप्रिय समजुतीपेक्षा शास्त्राच्या जवळ आहेत. शोकाच्या पाच पायऱ्या सर्वांना तोंडपाठ असतात. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस हिने १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणोन्मुख रुग्णांच्या संदर्भात. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढायच्या असतात याला फारसा आधार नाही. मृताला सोडून द्यावे तरच नवे नाते जुळते, या फ्रॉइडच्या वळणाच्या कल्पनेलाही १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी धक्का दिला. मुले आणि जोडीदार गमावलेल्यांच्या अनुभवातून त्यांनी दाखवले की माणसे मृतांशी नाते तोडत नाहीत, त्याचे रूप बदलतात. आणि ते आजारपणाचे लक्षण नव्हे. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. शोकातला माणूस दुःखाकडे वळतो, मग कामाकडे, नव्या जबाबदाऱ्यांकडे वळतो, पुन्हा दुःखाकडे येतो. हे येणे-जाणे म्हणजेच सावरणे. झाड सजवताना रडणारी आणि पाच मिनिटांनी ओव्हनमधली बिस्किटे बघायला धावणारी नायिका या मांडणीत चपखल बसते.

फसवणूक होते ती काळाच्या हिशोबात. चित्रपटाला पहिल्या गाठीपासून शेवटापर्यंत दोन-तीन आठवडे मिळतात, आणि त्यात वर्षांचा शोक निवळावा लागतो. पैशाचीही अडचण नसते. बेकरी वाचते, लॉज वाचते, दवाखान्याचे बिल कोणालाच आलेले नसते. अमेरिकेत दीर्घ आजारानंतर कुटुंब कर्जात जाणे नवे नाही, पण नाताळच्या पडद्यावर कर्करोग नेहमी माणूस नेतो, घर कधी नेत नाही. बरीच वर्षे या घरांतली माणसेही एकाच रंगाची आणि एकाच प्रकारच्या जोडप्यांची होती. हॉलमार्कने समलिंगी जोडप्याला ठळक जागा दिली ती २०२० च्या ‘द ख्रिसमस हाउस’मध्ये.

साचा मोडणारे चित्रपटही आहेत. ‘द फॅमिली स्टोन’ (२००५) मध्ये आई (डायन कीटन) अजून जिवंत आहे. कर्करोग परतला आहे हे तिने मुलांना पूर्ण सांगितलेले नाही, आणि मोठ्या मुलाने घरी आणलेल्या मुलीवर सगळे घर तुटून पडते. शोक येण्याआधीचा राग चुकीच्या माणसावर निघतो, हे या चित्रपटाइतके तिखटपणे फार थोड्यांनी दाखवले आहे. शेवटचा प्रसंग वर्षानंतरच्या नाताळचा: घर तेच, जोड्या बदललेल्या, आई नाही.

अलेक्झांडर पेनच्या ‘द होल्डओव्हर्स’मध्ये (२०२३) नवे प्रेम जवळजवळ वगळलेच आहे. डिसेंबर १९७०, मॅसॅच्युसेट्समधली मुलांची निवासी शाळा, सुट्टीत घरी जाता न आलेला एक विद्यार्थी, त्याच्यावर नेमलेला तिरसट शिक्षक आणि स्वयंपाकघर सांभाळणारी मेरी लँब. मेरीचा एकुलता एक मुलगा याच शाळेत शिकला आणि व्हिएतनाममध्ये मारला गेला. बाकीच्या मुलांसारखे कॉलेजात जायला पैसे असते तर तो सैन्यात गेला नसता. नाताळच्या पार्टीत ती एक तबकडी लावून बसते आणि कोलमडते. कोणी प्रियकर तिला सावरायला येत नाही. ती रॉक्सबरीला गर्भार बहिणीकडे जाते आणि आपल्या मुलाचे जपून ठेवलेले बाळपणीचे कपडे तिला देते. मेरीची भूमिका करणाऱ्या डेव्हाइन जॉय रँडॉल्फला मार्च २०२४ मध्ये सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. ब्रिटनमध्ये तो चित्रपट लागला जानेवारीत, नाताळ उलटून गेल्यावर, आणि तरीही चालला.